मधुमेही घरातील आजारपण: केटोनच्या पट्ट्या आणि सोबतची साधने

कोल्हापुरातील कोणत्याही मोठ्या औषध दुकानात ग्लुकोमीटर मागितला, तर दोन-तीन कंपन्यांचे खोके लगेच काउंटरवर येतात. लघवीतील केटोन, म्हणजे इन्सुलिन अपुरे पडल्यावर चरबी जळून तयार होणारी द्रव्ये, तपासण्याच्या पट्ट्यांची बाटली मागितली, की मात्र दुकानदार आधी संगणकात पाहतो, मग आतल्या मुलाला विचारतो आणि बहुतेक वेळा "उद्या मागवून देतो" असे सांगतो. मधुमेहाच्या रुग्णाला ताप, जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्यावर घरच्या माणसापुढे सर्वांत अवघड प्रश्न असतो तो रुग्णाला घरी ठेवायचे की दवाखान्यात न्यायचे हा, आणि तो सोडवताना नेमकी हीच बाटली सर्वांत जास्त उपयोगी पडते, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. म्हणून हे परीक्षण मुख्यतः तिचे आहे. तिच्याबरोबर लागणारा ग्लुकोमीटर, ओआरएस आणि इतर साधने यांची पारखही मी एकाच कसोटीवर केली आहे: माणूस आजारी असताना, रात्री-अपरात्री, ते साधन खरे आणि घरच्यांना समजेल असे उत्तर देते का?

आमच्या घरी मधुमेहाचे दोन्ही प्रकार आहेत. मुलीला टाइप १ आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही आणि ते बाहेरून दिल्याशिवाय तिचा एक दिवसही निभत नाही. सासऱ्यांना, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, टाइप २ आहे. त्यांना तीन प्रकारच्या गोळ्या आणि रात्री इन्सुलिनचे एक इंजेक्शन असते. पावसाळ्यात शिवाजी पेठेत तापाची साथ आली, की ती घरातल्या एकाला सोडून दुसऱ्याला होते असे सहसा घडत नाही. दोघेही एकाच वेळी अंथरुणाला खिळल्यावर एकच साधन दोघांसाठी किती वेगळ्या कारणाने लागते, हे जवळून पाहता आले.

आबांचे पहिले म्हणणे असे होते, "पोटात काय न्हाई, मग सुई कशाला टोचायची?" हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो फार घातक आहे. जंतुसंसर्ग झाला की शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन, ग्लुकागॉन यांसारखी संप्रेरके जास्त प्रमाणात सोडते, त्यांच्यामुळे यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते आणि इन्सुलिनचा परिणामही कमी होतो. त्यामुळे दिवसभरात पाण्याच्या दोन घोटांपलीकडे काही पोटात गेलेले नसतानाही साखर ३०० च्या वर जाऊ शकते. टाइप १ असलेल्या रुग्णाचे मूळ, म्हणजे दीर्घकाळ काम करणारे, इन्सुलिन अशा वेळी कधीही बंद करायचे नसते. उलट अनेकदा ते वाढवावे लागते. किती वाढवायचे ते त्या रुग्णाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. टाइप २ मध्येही स्वतःच्या मनाने इन्सुलिन थांबवू नये. इन्सुलिन अपुरे पडले की पेशींना साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळू लागते आणि यकृतात केटोन तयार होतात. ते साचत गेले की रक्त आम्लधर्मी होते. या अवस्थेला डॉक्टर डीकेए म्हणतात आणि ती काही तासांत जिवावर बेतू शकते. साखरेचा आकडा ही वाट सुरू झाली की नाही हे सांगत नाही. ते केटोनची पट्टीच सांगते.

आता बाटलीविषयी. साधारणपणे ५० किंवा १०० पट्ट्या एका बाटलीत येतात. पट्टीच्या टोकाला फिकट बदामी रंगाचा एक छोटा चौकोन असतो. तो ताज्या लघवीत क्षणभर बुडवायचा, कडेला टेकवून जास्तीचे थेंब झटकायचे आणि ठरलेल्या वेळी बाटलीवरील रंगांच्या रकान्यांशी ताडून पाहायचा. रंग बदामीच राहिला तर केटोन नाहीत. गुलाबी होत गेला तर ते थोडे आहेत, आणि गडद जांभळा झाला तर खूप आहेत. बहुतेक बाटल्यांवर ५, १५, ४०, ८० आणि १६० अशा पायऱ्या दिलेल्या असतात. आमच्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ अगदी सोपा करून दिला: ५ किंवा १५ दिसले तर पाणी वाढवा, सांगितल्याप्रमाणे इन्सुलिन द्या आणि दोन-तीन तासांनी पुन्हा पाहा, ४० किंवा त्याहून जास्त दिसले तर वाट न पाहता फोन करा, आणि त्याबरोबर उलट्या असतील तर फोन करत बसण्याऐवजी थेट रुग्णालय गाठा. मुलीची साखर २४० च्या वर गेली की, किंवा साखर कितीही असली तरी तिला उलटी झाली की, ही पट्टी बुडवायची, हा आमच्या घरचा नियम त्यातूनच आला.

वेळेचे भान या पट्टीबाबत फार महत्त्वाचे आहे. फक्त केटोन दाखवणाऱ्या पट्टीचा रंग सहसा १५ सेकंदांनी वाचायचा असतो, तर प्रयोगशाळेत वापरतात तशी दहा घटकांची पट्टी घेतली असेल तर तिच्यावरील केटोनचा चौकोन ४० सेकंदांनी. दुकानात पहिली मिळाली नाही म्हणून दुसरी घेतली, की हा फरक कुणी सांगत नाही, आणि उशिरा वाचलेला रंग खऱ्यापेक्षा गडद दिसतो. दुसरी गोष्ट उजेडाची. फिका गुलाबी आणि मूळ बदामी यांतला फरक पिवळ्या दिव्याखाली कळत नाही. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीशी दिवसाच्या उजेडात तो स्वच्छ दिसतो. आबांच्या डोळ्यांना मोतीबिंदूमुळे तो कोणत्याच उजेडात दिसत नाही, म्हणून एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या हाती फक्त ही बाटली सोपवणे पुरेसे नाही, हा तिचा पहिला दोष मी येथे नोंदवते.

दुसरा दोष जास्त खोलवरचा आहे आणि तो वापरणाऱ्याने समजून घेतलाच पाहिजे. शरीरात केटोनचे तीन प्रकार तयार होतात. पट्टीवरचे रसायन त्यांपैकी ॲसिटोॲसिटेट ओळखते. डीकेएमध्ये सर्वांत जास्त वाढतो तो बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, आणि तो या पट्टीला दिसत नाही. शिवाय लघवी मूत्राशयात काही तास साचलेली असते, म्हणजे पट्टी आताची नव्हे, तर मागच्या काही तासांची स्थिती सांगते. त्यामुळे सुरुवातीला धोका असतो त्यापेक्षा कमी दिसतो, आणि उपचाराने माणूस सुधारू लागल्यावर बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटचे रूपांतर ॲसिटोॲसिटेटमध्ये होत असल्याने पट्टी मात्र बराच वेळ जांभळीच राहते. मुलगी उठून बसली, बोलू लागली, साखर १८० वर आली, तरी पट्टी गडद पाहून आमचा जीव खालीवर होत राहिला, तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण समजावले. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर पट्टी खोटा दिलासा देऊ शकते. साथीच्या दिवसांत या गोळ्या लोक स्वतःहून घेतात, म्हणून हे मुद्दाम सांगणे गरजेचे वाटते. आणि नुसत्या उपवासानेही थोडे केटोन येतात, त्यामुळे एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिका गुलाबी रंग दिसला आणि साखर, तब्येत दोन्ही ठीक असतील, तर घाबरून जाण्याचे कारण नसते.

तिसरी अडचण कोल्हापूरच्या हवेची आहे. आपला पावसाळा ओला आणि लांब असतो, आणि या पट्ट्यांना दमट हवा अजिबात सोसत नाही. बाटलीचे झाकण उघडे राहिले किंवा ओल्या हाताने पट्टी काढली तर उरलेल्या पट्ट्या हळूहळू निकामी होतात. झाकणाच्या आतली ओलावा शोषणारी पुडी काढून टाकू नये, बाटली फ्रिजमध्ये किंवा मोरीजवळ ठेवू नये, आणि उघडल्याची तारीख पेनाने लेबलवर लिहावी. बाटली फोडल्यानंतर साधारण सहा महिन्यांत संपवायची असते, खोक्यावरची मुदत कितीही पुढची असो. आजारपण वर्षातून दोनदा-तीनदा येणाऱ्या घरात पन्नासातल्या निम्म्या पट्ट्या वाया जातात, हे खरे. तरीही एका बाटलीला पडणारे काहीशे रुपये आणि आपत्कालीन विभागात एका रात्रीचे होणारे बिल यांची तुलना केली, तर ही उधळपट्टी नाही. पट्ट्या सुट्या, पाच-दहा अशा, विकणारे दुकानदारही आहेत. परंतु कागदाच्या पुडीत बांधलेली पट्टी दमट हवेत किती वेळ टिकेल, याची शाश्वती नसल्याने तशा घेऊ नयेत.

टाइप २ च्या रुग्णांना केटोनची भीती नसते, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांनी हे चित्र बदलले आहे. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्यांचा मोठा फायदा आहे आणि म्हणूनच डॉक्टर त्या विश्वासाने देतात. परंतु जेवण तुटले, पाणी कमी पडले, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर या गोळ्या घेणाऱ्याला साखर २०० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असताना डीकेए होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी मे २०१५ मध्येच इशारा दिला होता. भारतात २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले आणि त्यानंतर ही गोळी इतकी स्वस्त झाली, की आज आपल्या गल्लीतही अनेकांच्या डब्यात ती असते. त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी केटोनची बाटली आहे? आबांच्या तीन गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन ही एक होती. आजारपणात ती, आणि जुलाबांनी पाणी कमी झाले तर मेटफॉर्मिनही, तात्पुरती थांबवायची असे डॉक्टरांनी आधीच लिहून दिले होते. ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीचा प्रश्न उलटा असतो. जेवण न होता ती घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि दुकानातून मागून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या निर्जलीकरणात मूत्रपिंडावर ताण आणतात. कोणती गोळी थांबवायची आणि पुन्हा केव्हा सुरू करायची, हे आजारपण येण्याआधीच्या भेटीत विचारून कागदावर घेणे हाच रास्त मार्ग आहे.

रक्तातील केटोन मोजणारा मीटर लघवीच्या पट्टीपेक्षा निर्विवाद सरस आहे. ॲबट कंपनीचा फ्रीस्टाइल ऑप्टियम निओ हा असा मीटर असून तो साखर आणि केटोन दोन्ही मोजतो. केटोनसाठी वेगळी पट्टी घालावी लागते आणि उत्तर १० सेकंदांत मिळते. हा मीटर बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटच मोजतो, आताची स्थिती सांगतो आणि रंग ताडण्याची गरज ठेवत नाही. ०.६ पेक्षा कमी म्हणजे ठीक, ०.६ ते १.५ म्हणजे सावध राहून पुन्हा तपासणे, १.५ च्या पुढे डॉक्टरांशी ताबडतोब बोलणे आणि ३ किंवा त्याहून जास्त म्हणजे रुग्णालय, इतका तो स्पष्ट आहे. ज्या मुलाला लघवी करायला उठवणेही कठीण झाले आहे, किंवा पाणी कमी झाल्यामुळे लघवीच होत नाही, त्याच्यासाठी तर हाच एक उपाय उरतो. अडचण एकच, पट्ट्यांची. त्या महाग आहेत, मागवून घ्याव्या लागतात आणि हाती येईपर्यंत मुदतीचे बरेच महिने संपलेले असू शकतात. टाइप १ असलेल्या मुलाच्या घरी परवडत असेल तर हा मीटर असावा, आणि तरीही लघवीच्या पट्ट्यांची बाटली कपाटात असावी.

ग्लुकोमीटर घेताना लोक मीटरच्या किमतीकडे पाहतात. आजारपणात खर्च मीटरचा नसतो, पट्ट्यांचा असतो. दर तीन-चार तासांनी तपासायचे म्हटले तर दिवसाला सहा ते आठ पट्ट्या लागतात, आणि चार-पाच दिवसांच्या तापात २५ पट्ट्यांची डबी पुरत नाही. म्हणून ज्याच्या पट्ट्या आपल्या चौकातल्या दुकानात रविवारीही मिळतात, तो मीटर घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. मोबाइलशी जोडणी, रंगीत पडदा या गोष्टी त्यानंतर येतात. घरच्या मीटरने आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंत फरक दाखवला तरी तो योग्यच धरला जातो, म्हणजे पडद्यावर २६० दिसले तर खरी साखर २२१ पासून २९९ पर्यंत कुठेही असू शकते. त्यामुळे २५५ आणि २७० यांतल्या फरकावर घरात चर्चा करण्यात अर्थ नाही. तीन तासांत आकडा चढतो आहे की उतरतो आहे, ते पाहावे. त्यासाठी मीटरमधील तारीख आणि वेळ बरोबर लावलेली असणे फार गरजेचे आहे, कारण आपत्कालीन विभागातील डॉक्टर मीटरची जुनी नोंद मागतात आणि वेळ चुकलेली असेल तर ती नोंद कामाची राहत नाही. अनेक मीटर ६०० च्या वर आकडा न दाखवता 'एचआय' ही अक्षरे दाखवतात. तो मीटरचा बिघाड समजून पट्ट्या वाया घालवत बसू नये. हात धुऊन एकदाच पुन्हा तपासावे आणि तेच आले तर निघावे. हात धुण्याचे कारण साधे आहे. आजारी माणसाला फळाची फोड भरवलेल्या किंवा सरबत पाजलेल्या हातांवरची साखर पट्टीवर उतरते आणि आकडा उगाच वाढतो.

दंडावर चिकटवण्याचा सेन्सर १४ दिवस चालतो, रात्री बोट टोचण्यापासून मुलांना सोडवतो आणि साखर वर चालली आहे की खाली हे बाणाने दाखवतो, हे त्याचे मोठे गुण आहेत. तो रक्तातली नव्हे, तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजत असल्याने काही मिनिटे मागे असतो, आणि अंगातले पाणी कमी झालेले असताना त्याच्या आकड्याची बोटाच्या रक्ताशी पडताळणी करावी लागते. केटोन तो सांगत नाही.

पिण्याच्या पदार्थांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या बाबतीत घरोघरी प्रेमापोटी नुकसान होते. मधुमेह आहे म्हणून ओआरएस नको, असे मला शिकलेल्या लोकांनीही सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनलेल्या पुडीत एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात तीन ग्रॅमही नाही. जुलाब होत असताना क्षार आणि पाणी आतड्यातून शोषले जाण्यासाठी तेवढे ग्लुकोज लागतेच. ही पुडी स्वस्त आहे, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण ओतायची असते आणि तयार केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचे असते. अर्धी पुडी एका पेल्यात घालून 'कडक' करून देण्याची पद्धत मात्र चुकीची आणि धोक्याची आहे. याउलट, रंगीत खोक्यांत मिळणाऱ्या आणि वर 'ओआरएस' असे नाव छापलेल्या गोड पेयांत या सूत्रापेक्षा कितीतरी पट साखर असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली, हे फार चांगले झाले. तरीही घेताना पुडीवरील घटकांची ओळ वाचावी.

आजारी माणसाला भेटायला येणारे लोक शहाळे, ग्लुकोज पावडर, मोसंबी आणि कधी कधी गुळाचा खडाही घेऊन येतात. शहाळ्याच्या पाण्यात साखर मध्यम असली तरी पोटॅशियम बरेच असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्या आबांसारख्या माणसाला ते विचारूनच द्यावे. ग्लुकोज पावडर साखर कमी झाल्यावरचे औषध आहे, ताकदीचे पेय नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. रक्तातील साखरेच्या दृष्टीने मात्र गूळ आणि साखर यांत रुग्णाला जाणवेल असा फरक नाही. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. गुळाचा खडा चघळण्यात वेळ जातो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

साखर जास्त असेल तेव्हा साधे पाणी, मीठ घातलेले पातळ ताक, बिनसाखरेचा लिंबू घातलेला कोरा चहा, आणि साखर कमी असेल किंवा जेवण जातच नसेल तेव्हा थोडे गोड, असे आम्ही मीटर पाहून ठरवतो. तासाला एक छोटा पेला, घोट घोट, हे प्रमाण उलटीतही बहुधा टिकते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र किती पाणी घ्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. जेवणाऐवजी दर तीन-चार तासांनी ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असे सांगितले जाते, आणि त्यासाठी आपल्या स्वयंपाकघराइतके चांगले दुकान दुसरे नाही. अर्धी वाटी मऊ भातात साधारण १५ ग्रॅम, पेलाभर दुधात १० ग्रॅम. ज्वारीच्या कण्या, नाचणीची आंबील, मुगाचे कढण, पेज हे सगळे आजाऱ्याच्या घशाखाली उतरते. तांबडा-पांढरा रस्सा अंगात ताकद आणतो अशी आपल्याकडे श्रद्धा आहे, पण उलट्या होत असताना त्यातले तिखट आणि तेल पोटाला झेपत नाही.

थर्मामीटर डिजिटल असावा, एवढेच त्याबद्दल सांगण्यासारखे आहे. खोकल्याचे औषध बिनसाखरेचे मागून घ्यावे. तरी दोन चमचे गोड औषधापेक्षा तापावर किंवा दम्यावर दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळीने साखर कितीतरी जास्त वाढते, म्हणून नव्या डॉक्टरांकडे जाताना मधुमेह असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे. इन्सुलिनची सिरिंज आयत्या वेळी मागवताना जास्त जपावे लागते. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे आणि पेनमधले १०० युनिटचे असते. लाल टोपीची ४० युनिटची सिरिंज पेनच्या कार्ट्रिजमध्ये घालून इन्सुलिन ओढले तर अडीचपट मात्रा शरीरात जाते. रात्री शेजारच्या मुलाला सिरिंज आणायला धाडताना रिकामी कुपी त्याच्या हातात द्यावी.

घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्या प्रयोगशाळांची सेवा शहरात आता चांगली पसरली आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम-पोटॅशियम, रक्तपेशी यांसाठी ती खरोखर सोयीची आहे. ज्या प्रयोगशाळेचा आम्हांला अनुभव आला, तिचा माणूस सकाळी सांगितलेल्या वेळेनंतर बऱ्याच उशिरा आला आणि अहवाल संध्याकाळी मिळाला. तोपर्यंत मुलीची स्थिती दोनदा बदललेली होती. त्यामुळे या सेवेवर घरच्या तपासणीचा भार टाकू नये. एचबीए१सी ही तपासणी आजारपणात करून उपयोग नाही. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, आज रात्रीचे काही सांगत नाही.

औषध दुकानांविषयी माझी तक्रार आहे आणि विनंतीही आहे. एका दुकानात मला मुदत संपायला जेमतेम तीन आठवडे उरलेली केटोनची बाटली पूर्ण किमतीला दिली गेली, आणि विचारल्यावर "वहिनी, ही कोणच मागत न्हाई बघा" असे उत्तर मिळाले. त्या माणसाचे म्हणणे खोटे नव्हते. मागणी नाही म्हणून माल नाही, आणि माल दिसत नाही म्हणून ती मागायची असते हे रुग्णांना कळत नाही. राजारामपुरीतील दुसऱ्या एका छोट्या दुकानदाराने मात्र आमच्या नावाची नोंद वहीत ठेवली आहे; बाटली संपत आली की तो लांब मुदतीची मागवतो आणि फोन करून मुदतीचा महिना सांगतो. गगनबावडा किंवा राधानगरीहून येणाऱ्या माणसाला शहरातली फेरी फुकट जाऊ नये म्हणून हा एक फोन किती मोलाचा आहे, हे शहरात राहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने रस्ते बंद झाले, तेव्हा तर शहरातल्या शहरातही दुकान गाठणे कठीण झाले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यातच दोन आठवडे पुरतील एवढ्या साखरेच्या पट्ट्या, न उघडलेली केटोनची बाटली, ओआरएसच्या दहा पुड्या आणि इन्सुलिनचा जादा साठा घरात आणून ठेवावा. वीज गेली तर वापरात असलेले इन्सुलिन सावलीत, मातीच्या ओल्या मडक्याजवळ ठेवले तरी चालते; उघडलेली कुपी सामान्य तापमानाला साधारण चार आठवडे टिकते.

पैशांची ओढाताण असेल तर खरेदीचा क्रम मी असा लावेन: आधी साध्या मीटरच्या भरपूर पट्ट्या, लगेच त्यामागे लघवीतील केटोनची बाटली, मग ओआरएसच्या पुड्या, रक्तातील केटोनचा मीटर आणि सेन्सर त्यानंतर. आणि या सगळ्यांबरोबर डॉक्टरांच्या हस्ताक्षरातला एक कागद, ज्यावर कोणती गोळी थांबवायची, इन्सुलिन किती वाढवायचे, कोणत्या आकड्याला फोन करायचा हे लिहिलेले असेल. श्वास खोल आणि जोराचा होऊ लागला, श्वासाला गोडसर फळासारखा वास आला, पोटात दुखू लागले, चार-सहा तास पाण्याचा घोटही टिकला नाही किंवा माणूस गुंगीत बोलू लागला, तर कोणत्याही पट्टीच्या रंगाची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. भाऊसिंगजी रस्त्यावरील सीपीआर रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग रात्रभर चालू असतो. तेथे जाताना मीटर, केटोनची बाटली, गोळ्यांचा डबा आणि तो कागद बरोबर न्यावा.